एप्रिलात जा, मृगाच्या आत परत या

पत्राचा गोषवारा:

लातूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांचं वय ६३, यजमानांचं ६८. घरची बारा एकर शेती यजमान अजून स्वतः पाहतात. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा. एकुलती एक मुलगी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन-अर्बाना या जोडगावात संशोधन करते. त्या लिहितात:

"दोन वर्षांपूर्वी आम्ही डिसेंबरच्या मध्यावर तिच्याकडे गेलो. हरभरा वाटेकऱ्यावर सोपवला होता, तिलाही नाताळची सुट्टी होती. सात आठवडे राहायचं ठरलं होतं, पाचव्या आठवड्यात परत आलो. गावात माणूस दिसत नव्हता. साडेचारला अंधार. मुलगी प्रयोगशाळेत, आम्ही खिडकीत. तिचं घर गावाबाहेरच्या वसाहतीत, पायी जाण्यासारखं काहीच नाही. हे बर्फावर घसरले, मनगटाला मार लागला, आणि तिथल्या दवाखान्याचं बिल पाहून ह्यांनी पुन्हा उंबरा ओलांडला नाही. आता तिला त्याच विद्यापीठात प्राध्यापकाची नोकरी लागली आहे. ती म्हणते, मे ते ऑक्टोबर, चांगले सहा महिने या. हे साफ नाही म्हणतात. 'मकाच बघायचा तर आपला काय वाईट आहे?' माझा भाचा न्यू जर्सीत आहे. तिथे देऊळ आहे, मराठी मंडळ आहे, आपली माणसं आहेत. मुलीनेही तिकडे किंवा शिकागोत नोकरी बघावी असं मला वाटतं. त्या आडगावात ती एकटी, वय चौतीस, लग्नाचं कसं व्हायचं? तिला तसं स्पष्ट सांगू का? आणि ह्यांना सहा महिन्यांसाठी तयार कसं करू?"

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातले 'मे ते ऑक्टोबर' हे शब्द वाचून मी थांबले, कारण खरं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. तुमचे यजमान बारा एकर स्वतः पाहतात. मे ते ऑक्टोबर म्हणजे मशागत, पेरणी, कोळपणी, खुरपणी, फवारणी, काढणी आणि रास. अख्खा खरीप. सहा महिने या, असं म्हणताना मुलीने नकळत त्यांच्याकडून वर्षाचं पीक मागितलं आहे. ते मक्यावर बोलले, कारण 'शेत सोडवत नाही' हे लेकीला सांगणं जास्त अवघड आहे. तिला वाटतं बाबांना आपलं गाव आवडलं नाही, तुम्हाला वाटतं ते मागच्या पडण्याचा धसका धरून बसलेत. मला वाटतं, त्यांना कुणी मृगाबद्दल विचारलेलंच नाही.

मुलीचाही दोष नाही. तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत प्राध्यापकांचा पगार नऊ महिन्यांच्या कामाचा असतो. मेच्या मध्याला पदवीदान होतं, ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू होतात, आणि मधल्या दिवसांत शिकवणं नसतं. आईवडिलांना वेळ देता येईल असे तिचे तेच महिने आहेत, म्हणून तिने ते देऊ केले. तिचं वर्ष विद्यापीठाच्या वेळापत्रकाचं आणि यजमानांचं वर्ष नक्षत्रांचं. मागच्या वेळी तुम्ही दोन्हीकडची रिकामी फट शोधायला गेलात आणि नेमका डिसेंबर सापडला. त्या गावात जायला त्याहून वाईट वेळ नाही.

मी अर्बानात नऊ वर्षं राहिले आहे, म्हणून इतक्या खात्रीने बोलते. शॅम्पेन आणि अर्बाना ही दोन गावं मिळून वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिथल्या इलिनॉय विद्यापीठात ५०,००० हून जास्त विद्यार्थी. डिसेंबरच्या मध्याला परीक्षा संपतात आणि जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत ही मुलं गावात नसतात. वसतिगृहांना कुलपं, बसच्या फेऱ्या कमी, खाण्याच्या कित्येक जागा बंद. तुम्हाला माणूस दिसला नाही, कारण माणूस खरोखर नव्हता. तुम्ही लातूरकडच्या शिक्षिका आहात. दिवाळीच्या सुट्टीत शिकवण्या बंद झाल्यावर लातूरच्या मेस, खोल्या आणि झेरॉक्सची दुकानं कशी दिसतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पंधरवड्यात कुणी पाहुणा येऊन 'लातुरात काही नाही' म्हणाला, तर तुम्ही त्याला जूनमध्ये परत यायला सांगाल.

आता न्यू जर्सी. तुमच्या मनातलं चित्र मला कळतं आणि त्यात खरंही आहे. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरसारख्या भागात घर असेल तर पायी जाऊन मेथीची जुडी आणता येते. पण तिथली आपली बरीच कुटुंबं उपनगरांत राहतात, गाडीशिवाय जिथून हलता येत नाही अशा ठिकाणी. शनिवार-रविवार देऊळ आणि मंडळ, सोमवार ते शुक्रवार पुन्हा खिडकीच. तुमचं पत्र मी परत वाचलं तेव्हा मला दिसलं, की तुम्हाला खुपलेल्या गोष्टींत 'गाव लहान आहे' ही फार थोडी आहे. खुपलं ते दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा मुलीच्या गाडीची वाट बघणं. चाळीस वर्षं नोकरी केलेली बाई आणि बारा एकर हाकणारा माणूस, दोघांना कुठे जायचं तर 'सोडतेस का गं' म्हणावं लागतं. ते भाच्याच्या गावातही म्हणावं लागेल.

माझे वडील एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा दहा दिवस तेही खिडकीत बसले होते. मग एके सकाळी डबा घेऊन बाहेर पडले आणि संध्याकाळी घरी आले. बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले होते. तिथल्या बसमार्गांना रंगांची नावं आहेत, ग्रीन, यलो, सिल्व्हर. वडिलांना इंग्रजी बेताचं, पण रंग कळायला इंग्रजी लागत नाही. मी होते तेव्हा तिकीट एक डॉलर होतं. ज्येष्ठांना सवलतीचं कार्ड मिळतं का याची चौकशी मुलीला करायला सांगा. उतरायचं असलं की खिडकीजवळची दोरी ओढायची, उतरताना चालकाला थँक यू म्हणायचं, तिकडे बहुतेक सगळे म्हणतात. महिन्याभरात दोन-तीन चालक वडिलांना ओळखायला लागले होते. ग्रंथालयात ते एकटे जात, केस कापायला एकटे जात, आणि संध्याकाळी मला बाहेर काय पाहिलं ते सांगत. तोवर मीच त्यांना दिवसभराच्या बातम्या देत होते. आमच्या घरातली हवाच बदलली.

म्हणून पुढच्या मुक्कामाआधी मुलीशी घराबद्दल बोला. नोकरी पक्की झाल्यावर बहुतेक जण घर घ्यायला निघतात आणि आईवडिलांसाठी एक जास्तीची खोली हवी म्हणून गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत मोठं घर बघतात. ती जास्तीची खोली पुढे कोठडी होते. तिला सांगा, खोली लहान चालेल, पण दारापासून बसथांबा पाच मिनिटांवर असू दे आणि तिथवर फुटपाथ असू दे. अर्बानाच्या जुन्या भागात, विद्यापीठाच्या पूर्वेला, विटांचे रस्ते आहेत, मोठी झाडं आहेत, आणि तिथून सार्वजनिक ग्रंथालय आणि शनिवारचा बाजार पायी गाठता येतो. हा बाजार मेच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर चालतो. शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. सकाळी लवकर जा, दुपारी उठतो. तुमचे यजमान भाव विचारल्याशिवाय राहणार नाहीत, आणि विचारावेतच. तिथल्या शेतकऱ्यालाही कुणी पिकाचं विचारलं की आवडतं.

घर लगेच बदलणार नसेल तर मुक्कामापुरती दुसरी वाट आहे. मेनंतर विद्यार्थी गाव सोडतात, पण त्यांच्या खोल्यांचे करार ऑगस्टपर्यंत असतात. त्यामुळे उन्हाळ्यात विद्यापीठाजवळच्या खोल्या पोटभाड्याने बऱ्याच स्वस्त मिळतात. एक-दोन महिन्यांसाठी अशी जागा घेऊन मुलीने तुमच्याबरोबर तिथे राहावं, किंवा तुम्ही तिच्याजवळच वेगळं राहावं. आपल्याकडे हे ऐकून कपाळाला आठ्या पडतात, मला माहीत आहे. पण मी अशी दोन कुटुंबं पाहिली आहेत ज्यांच्यात यामुळे बोलणं वाढलं.

आता यजमानांच्या मक्याबद्दल मला जरा लांबण लावू द्या. ते ज्या गावाला मक्याचं म्हणून हसले, ते त्यांच्या पिकाचं माहेर म्हणावं इतकं जवळचं आहे. इलिनॉय राज्य बहुतेक वर्षी सोयाबीनच्या उत्पादनात अमेरिकेत पहिलं असतं. आपल्या देशात सोयाबीनच्या आधुनिक लागवडीचे पद्धतशीर प्रयोग १९६०च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत झाले आणि त्यांत सहकारी होतं हेच इलिनॉय विद्यापीठ. पंतनगरचं विद्यापीठ १९६० साली उभं राहिलं ते त्यांच्याच नमुन्यावर. तिथून हे पीक मध्य प्रदेशात पसरलं, मग विदर्भ-मराठवाड्यात आलं, आणि आज लातूरची बाजार समिती सोयाबीनच्या भावासाठी देशभर ओळखली जाते. अमेरिकी कृषी खात्याचा सोयाबीन वाणांचा संग्रहही अर्बानातच आहे, वीस हजारांहून जास्त नमुन्यांचा. तुमच्या शेतात उभ्या असलेल्या पिकाच्या घराण्याची एवढी मोठी वंशावळ दुसरीकडे क्वचितच असेल. मुलगी विद्यापीठात आहे. तिने विचारलं तर वडिलांना कुणी तरी अर्धा तास नक्की देईल.

विद्यापीठाच्या ऐन मध्यात एक शेताचा तुकडा आहे, मॉरो प्लॉट्स. १८७६ पासून तिथे पिकांचे प्रयोग चालू आहेत. त्यातल्या एका वाफ्यात तेव्हापासून दरवर्षी फक्त मका, शेजारच्या वाफ्यांत फेरपालट. नुसतं एकच पीक घेत राहिलं तर जमिनीचं काय होतं, ते तिथे बांधावर उभं राहून डोळ्यांनी दिसतं. १९६०च्या दशकात शेजारी विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा इमारतीची सावली पिकावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. शेताला सावली नको म्हणून ग्रंथालय खाली गाडणारं गाव! तुमच्या यजमानांनी ही एक गोष्ट जरी प्रत्यक्ष पाहिली तरी त्या गावाबद्दल त्यांचं मत मवाळ होईल असा माझा विश्वास आहे. आणि माती. तिकडची माती आपल्या काळीसारखीच काळी आहे, फक्त एके काळी ती दलदल होती. एकोणिसाव्या शतकात लोकांनी शेतांखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून दिलं, तेव्हा ती पिकाखाली आली. आजही शेताखालून नळ्यांचं जाळं आहे. पाणी आणण्यासाठी जन्मभर झगडलेल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पाणी काढून टाकण्याचा एवढा खटाटोप पाहून काय वाटेल, हे ऐकायला मला खरंच आवडेल. आणि हे सगळं तुम्ही गेलात तेव्हा बर्फाखाली होतं. सोयाबीनच्या मुलखात गेलात आणि पांढरं रान बघून आलात.

म्हणून मी तारखा सुचवते. एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोघं मिळून जा. हरभऱ्याची रास झालेली असते, लातूरचं ऊन अंगावर यायला लागलेलं असतं. तिकडे झाडं फुललेली, विद्यार्थी हिरवळीवर पसरलेले, आणि शेतांत मका-सोयाबीनच्या पेरणीची लगबग एप्रिलअखेरीपासून सुरू. पहिले तीन आठवडे मुलगी परीक्षांच्या गडबडीत असेल, पण तेव्हा गाव भरलेलं असतं, तुम्ही बसने हिंडा. पदवीदान झालं की गाव शांत होतं आणि मुलगी मोकळी होते, तेव्हा तिच्याबरोबर हिंडा. मे संपता संपता परतीचं विमान धरा. मृग निघायच्या आत यजमान आपल्या बांधावर. सहा-सात आठवडे होतात. स्वेटर मात्र न्या, एप्रिलात एखाद्या सकाळी बर्फाची भुरभुर होऊ शकते.

आणि तुम्हाला अजून राहावंसं वाटलं तर? तुम्ही दोघांनी एकत्रच जावं आणि एकत्रच यावं असं कुठे आहे? पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आटोपून तुम्ही एकट्या जा, सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीच्या आधीपर्यंत. पानं लाल-पिवळी झालेली असतात, सफरचंदाच्या बागांत लोक कुटुंबाने जाऊन स्वतः फळं तोडतात, शनिवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की अख्खं गाव नारिंगी कपडे घालून रस्त्यावर येतं. मे ते ऑक्टोबर सलग राहिलात तर घरच्या महालक्ष्म्या चुकतील, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण तुमच्याही मनात ते असणार. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून शॅम्पेनला थेट बस आहे. विमानतळावर व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा. चालता येतं म्हणून लाजू नका, रांगा आणि गेट शोधण्याचा ताण त्याने जातो.

मधल्या दिवसांत काय करायचं हे विचाराल. शिकागोला रेल्वेने अडीच-तीन तासांत जाता येतं. स्प्रिंगफील्डला अब्राहम लिंकन राहत होते ते घर आहे. मॉन्टिसेलोजवळ अ‍ॅलर्टन पार्क आहे, जुन्या श्रीमंताची इस्टेट, आता विद्यापीठाकडे, रानात पुतळे उभे आहेत. दक्षिणेला आर्थरच्या बाजूला आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती आहे, ते अजून घोडागाडीने फिरतात आणि घोड्यांनी शेती करतात. हे सगळं मिळून चार-पाच दिवसांचं काम. उरलेल्या दिवसांना रोजची अशी एक जागा लागते. ग्रंथालय ही माझ्या मते उत्तम. तिथे बसायला पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही, आणि इंग्रजी बोलण्याच्या सरावाचे गट कुठे भरतात ते तिथल्याच काउंटरवर कळतं. तुम्ही शिक्षिका आहात, अशा गटात चार आठवड्यांत चार देशांच्या बायका तुमच्या मैत्रिणी होतील.

मराठी माणसं हवीत तर तीही आहेत, मंडळाच्या पाटीखाली नाहीत इतकंच. पुण्या-मुंबईची, नांदेडची, आणि तुमच्या लातूरचीही मुलं तिथे शिकतात. एखाद्या रविवारी मुलीला पाच-सहा जणांना पिठलं-भाकरीला बोलवायला सांगा. दर रविवारी नको, तुम्ही तिथे मेस चालवायला जात नाही. पण एकदा बोलवा. माझ्या आईने एकदा बोलावलं होतं, त्यातल्या एका मुलाने जेवून झाल्यावर तिच्याकडून भाकरी थापायची शिकून घेतली.

आता मुलीच्या नोकरीबद्दल. 'शिकागोत बघ' असं तिला सांगू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विद्यापीठातल्या नोकऱ्या गाव बघून घेता येत नाहीत. एका विषयात देशभर वर्षाला मोजक्या जागा निघतात आणि त्यांच्यासाठी शेकड्यांनी अर्ज येतात. तुमच्या मुलीने अशी जागा मिळवली आहे. लातूरची मुलगी, प्राध्यापक म्हणून, जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात. आणि ही जागा अजून कायम नाही. साधारण सहाव्या वर्षी तिच्या कामाची मोठी तपासणी होईल, मग कायम की नाही ते ठरेल. ही सहा वर्षं तिच्या आयुष्यातली सर्वांत ताणाची. दर रविवारच्या फोनवर 'तिथेच राहणार का' हे ऐकलं, की आपण मिळवलेलं आईच्या लेखी कमीच आहे असा अर्थ तिच्यापर्यंत पोचतो. तुम्हाला तसं म्हणायचं नाही हे मला कळतं. तिला फोनवर ते कळेलच असं नाही.

लग्नाचं एवढंच सांगते, की चौतीस वर्षांच्या मुलीला कोण कुठे भेटेल हे गावाच्या आकारावर ठरत नाही. ती एकटी आहे म्हणजे एकाकी आहे, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. तिला विचारलंय का? या वेळी गेलात की तिच्या रोजच्या माणसांना भेटा, तिच्याबरोबर काम करणाऱ्यांना, शेजारणीला, ती कॉफी प्यायला जाते तिथल्यांना. मागच्या वेळी ती सगळी सुट्टीवर होती.

याच गावात असा आणखी एक बाप येऊन राहिला होता. रवींद्रनाथ टागोरांनी मुलाला, रथींद्रनाथांना, १९०६ साली अर्बानाला पाठवलं होतं ते शेतकी शिकायला. १९१२च्या हिवाळ्यात स्वतः रवींद्रनाथ मुलगा आणि सुनेबरोबर तिथे येऊन राहिले, नोबेल मिळण्याच्या आदल्या वर्षी. तेव्हा गाव आजच्यापेक्षा कितीतरी लहान होतं आणि थंडी तेवढीच. तिथल्या युनिटेरियन चर्चमध्ये त्यांनी भाषणं दिली, लेखन केलं. मुलगा त्याच्या कामात आणि ते आपल्या कामात. मला नेहमी वाटतं की त्यांना हिवाळा सोसला तो यामुळे. यजमानांना ही गोष्ट जरूर सांगा, विशेषतः शेतकी शिकायला पाठवल्याचा भाग.

थोडं व्यवहाराचं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख संगणकावरच्या आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीत असते. उतरल्यावर मुलीला ती पाहून ठेवायला सांगा. तिच्या नोकरीच्या विम्यात सहसा आईवडील बसत नाहीत, म्हणून पाहुण्यांसाठीचा वेगळा विमा घ्या, आणि घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम मुलीकडून वाचून घ्या. रक्तदाब-साखरेचे नेहमीचे उपचार त्यात बहुधा धरत नाहीत. औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मनगट मुरगळलं, ताप आला, अशा वेळी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न जाता तिथल्या अर्जंट केअर दवाखान्यात जावं, बिलात फार फरक पडतो. तुमच्या विम्यात कुठला दवाखाना चालतो ते जायच्या आधी कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावभर भोंगे वाजले तर घाबरू नका, वादळाच्या इशाऱ्याची ती चाचणी असते. इतर वेळी वाजले तर मात्र तळघरात, किंवा तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत जायचं. मुलीने तुम्हाला ती जागा पहिल्याच दिवशी दाखवायला हवी.

ज्यांची मुलं वेस्ट लाफायेट, एम्स, ब्लूमिंग्टन, स्टेट कॉलेज किंवा कॉलेज स्टेशनसारख्या विद्यापीठाच्या गावांत आहेत त्यांनाही एवढं सांगते, की तिकीट काढायच्या आधी मुलांकडून त्या विद्यापीठाचं वर्षाचं वेळापत्रक मागवा आणि ते आपल्या कालनिर्णयशेजारी ठेवून तारखा ठरवा. पदवीदानाचा शनिवार-रविवार आणि फुटबॉलच्या सामन्यांचे शनिवार पाहुण्यांसाठी हॉटेल मिळत नाही, मिळालं तर दुप्पट-तिप्पट दराने. ऑगस्टच्या मध्याला सगळं गाव एकाच आठवड्यात घर बदलतं, तेव्हा जाऊ नका. मुलांना तुमच्याकडे बघायला फुरसत नसते.

यजमानांना तयार कसं करू, असं तुम्ही विचारलंत. सहा महिन्यांसाठी करू नका. मुलीला सांगा की हा फोन तिने त्यांनाच करावा, तुमच्या मार्फत नको, आणि 'कधी येता' असं न विचारता विचारावं, की बाबा, पेरणीच्या आधी तुम्हाला किती दिवस मोकळे मिळतात. मग जी तारीख येईल ती त्यांची असेल.

एक राहिलं. ते तिथलं बियाणं खिशात घालून आणायचा विचार नक्की करतील, किंवा इकडचं मूठभर दाखवायला नेतील. दोन्ही करू देऊ नका. परवानगीच्या कागदांशिवाय बी आणि माती दोन्ही देशांत अडवतात. तिकडे उतरताना शेतावर गेला होतात का असं विचारलं तर खरं सांगायचं, आणि निघायच्या आदल्या दिवशी बूट घासून धुवायचे, तळव्याला काळी राहता कामा नये. ज्वारीचं पीठ अर्बानात मिळतं. शेंगदाण्याची चटणी तेवढी घरची न्या.